साचा बदलला, मूर्ती का बदलेना?



तुमच्यापैकी पेणला कोण कोण गेलंय? रायगड जिल्ह्यातलं हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल तिथं गेली होती. एका कारखान्यात कारागीर साच्यात माती दाबून भरत होते, थोडं थांबून साचा अलगद सोडवत होते आणि आतून बाप्पा बाहेर येत होते. भिंतीकडेला ओळीनं मांडलेल्या, अजून रंग न लागलेल्या कितीतरी मूर्ती! माझ्या वर्गातल्या एका मुलानं तिथल्या काकांना विचारलं, "काका, तुम्ही आता या साच्यात सोंड उजवीकडं केली, तर त्या तिथल्या सगळ्या गणपतींची सोंड फिरेल का हो?"

सगळी मुलं हसली. मीही हसले. काका मात्र हसले नाहीत. हातातली माती न ठेवताच म्हणाले, "नाही बाळा. साच्यातून सुटली, की मूर्ती तिची ती."

त्यानंतर दोनच वर्षांनी मी शाळेतल्या संगणकासमोर बसून अगदी हीच अपेक्षा करत होते, की साचा बदलला म्हणजे सगळ्या मूर्ती आपोआप बदलतील! तेव्हा मला हसायला तिथं कुणी नव्हतं, एवढंच.

झालं होतं असं. चौथीच्या वर्गाला मी शिकवते. वर्गात चौतीस मुलं. प्रत्येक सत्राच्या शेवटी आम्ही शिक्षक प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहितो. म्हणजे नुसते गुण नाहीत, तर तो वाचतो कसा, ती प्रश्न विचारते का, गटात कसं वागणं असतं, असं सगळं. पालकसभेत द्यायला या नोंदींचं एकेक पत्रक करायचं मी ठरवलं. वर शाळेचं नाव, खाली मुलाचं नाव, मग विषयवार रकाने. हे प्रत्येक वेळी नव्यानं कोण करत बसणार? म्हणून मी वर्डमध्ये एक साचा केला. वर्डच्या भाषेत याला 'टेम्प्लेट' म्हणतात. त्या साच्यातून चौतीस पत्रकं काढली आणि तीन संध्याकाळी बसून सगळ्या नोंदी भरल्या.

सभेच्या आठवडाभर आधी, नमुना म्हणून एक पत्रक छापलं आणि मुलांना न्यायला आलेल्या एका आजींना दाखवलं. आजी दुसरीपर्यंत शिकलेल्या. नातवाचं काहीही आलं, की स्वतः वाचणार, दुसऱ्या कुणाला वाचू देणार नाहीत. त्यांनी कागद आधी जवळ धरला, मग लांब धरला, आणि म्हणाल्या, "बाई, ही अक्षरं हाईत का मुंग्या?"

खरंच होतं त्यांचं. कागदाची बचत करायच्या नादात मी अक्षराचा आकार अकरा ठेवला होता. आमच्या शाळेतल्या निम्म्याहून अधिक मुलांची पत्रकं आजी-आजोबाच घरी नेतात. त्यांना वाचता येत नसेल, तर त्या नोंदी लिहायच्या कशाला?

तुम्हांला 'स्टाईल' आठवते ना? अक्षराचा आकार, ठसा, जाडी, ओळींमधलं अंतर, रंग हे सगळं एका नावाखाली बांधून ठेवायची सोय म्हणजे स्टाईल. मी माझ्या नोंदींच्या मजकुरासाठी 'नोंद' नावाची स्टाईल केली होती. त्यामुळे मला वाटलं, काम पाच मिनिटांचं. एक पत्रक उघडलं, 'नोंद' या नावावर उजवी टिचकी मारली, 'मॉडिफाय' निवडलं, आणि अकराचे सोळा केले. त्या चौकटीच्या तळाशी दोन पर्याय असतात. एकाचा अर्थ 'फक्त या डॉक्युमेंटमध्ये' आणि दुसऱ्याचा 'या टेम्प्लेटवर आधारलेल्या नव्या डॉक्युमेंटमध्ये'. मी ऐटीत दुसरा निवडला. म्हटलं, आता बदल थेट साच्यातच गेला. सगळी चौतीस पत्रकं सुधारली!

दुसरं पत्रक उघडलं. अकरा. तिसरं उघडलं. अकरा. दहावंही अकरा.

मी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. (काही कळेनासं झालं, की मोठी माणसंही हेच करतात बरं का!) तरी मुंग्या त्या मुंग्याच. मग त्या पर्यायावरचे शब्द पुन्हा नीट वाचले. 'नव्या डॉक्युमेंटमध्ये.' नव्या! मुलांना मी रोज सांगते, प्रश्न पूर्ण वाचा, एकही शब्द सोडू नका. आणि बाईंनीच नेमका तो एक शब्द सोडला होता.

आता आपण जरा आत शिरून पाहू या, की साचा आणि त्यातून निघालेलं डॉक्युमेंट यांचं नातं असतं तरी कसं.

टेम्प्लेटच्या फाइलवर दोनदा टिचकी मारली, की वर्ड ती फाइल उघडत नाही. ते तिच्यावरून एक नवीन, बिननावाचं डॉक्युमेंट तयार करतं. वरच्या पट्टीवर 'डॉक्युमेंट १' असं दिसतं. (साच्यातच दुरुस्ती करायची असेल, तर फाइलवर उजवी टिचकी मारून 'ओपन' म्हणावं लागतं.) हे नवं डॉक्युमेंट जन्माला येतं, त्या क्षणी साच्यातल्या बऱ्याच गोष्टींची नक्कल त्याच्यात उतरते. आधीच लिहून ठेवलेला मजकूर, चित्रं, रकाने, कागदाचा आकार, समास, वरची आणि खालची पट्टी, आणि सगळ्या स्टाईली. नक्कल, हं! वाटणी नव्हे आणि उसनवारीही नव्हे. त्या क्षणापासून ते सगळं डॉक्युमेंटचं स्वतःचं झालं. साच्यातून सुटली, की मूर्ती तिची ती.

म्हणूनच माझं ते पत्रक पेन ड्राइव्हवर घालून मी घरच्या संगणकावर उघडलं, तेव्हा ते जसंच्या तसं दिसलं. घरी माझा साचा नव्हता. पण स्टाईली पत्रकाच्या पोटात होत्या, मग साच्याची गरजच काय?

पण थांबा. घरी एक गोष्ट मात्र बिनसली. नोंदी लिहिताना काही वाक्यं पुन्हापुन्हा येतात. 'आकलनासह वाचन करतो', 'गटात सहकार्याने काम करते', अशी. ती प्रत्येक वेळी टंकायचा कंटाळा येतो, म्हणून मी ती साच्यात 'ऑटोटेक्स्ट' म्हणून साठवून ठेवली होती. नुसतं 'वाच' लिहायचं आणि वरच्या ओळीतली एफ-३ ही कळ दाबायची, की अख्खं वाक्य हजर! शाळेत हे झकास चाले. घरी मी 'वाच' लिहून एफ-३ दाबते आहे, दाबते आहे, आणि पडद्यावर आपलं 'वाच' ते 'वाच'च.

म्हणजे पाहा, साच्यातल्या सगळ्याच गोष्टींची नक्कल होत नाही. ऑटोटेक्स्ट साच्यातच राहतं. मॅक्रो म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची साठवलेली मालिका, तीही साच्यातच राहते. डॉक्युमेंटला त्या वापरता येतात, पण साचा हाताशी असेल तोवरच. आमच्या वर्गातल्या कपाटासारखं हे. सकाळी मी प्रत्येकाला कोरा कागद वाटते, तो ज्याचा त्याचा. पण कात्री, डिंक, मोठी पट्टी कपाटात. वर्गात बसलात, तर उठून घ्या आणि वापरा. कागद घेऊन घरी गेलात, तर कपाट काही तुमच्यामागून चालत येणार नाही.

प्रत्येक डॉक्युमेंट आपल्या साच्याचा पत्ता मात्र लक्षात ठेवतं. 'माझा साचा अमुक नावाचा, अमुक ठिकाणी आहे' एवढी चिठ्ठी त्याच्या खिशात असते. साचा त्या पत्त्यावर सापडला नाही, तर वर्ड कुरकुर न करता डॉक्युमेंट उघडतं आणि आपल्या नेहमीच्या 'नॉर्मल' नावाच्या साच्यावर भागवतं. कधी कधी मोठ्या कचेऱ्यांमध्ये साचा दुसऱ्याच एखाद्या संगणकावर, जाळ्यातून जोडलेला असतो, आणि तो संगणक बंद असतो किंवा काढून टाकलेला असतो. मग वर्ड त्या पत्त्यावर दार ठोठावत बसतं, आणि एक साधं पत्र उघडायला खूप वेळ लागतो. तुमच्या आईबाबांच्या कचेरीत एखादी जुनी फाइल विनाकारण रेंगाळत उघडत असेल, तर ही चिठ्ठी तपासायला सांगा.

आता माझ्या मुंग्यांकडे येऊ. स्टाईलींचं गणित या दोन्हींच्या मधलं आहे. त्यांची नक्कल होते, हे तर खरं. पण ती नक्कल पुन्हा ताजी करून घ्यायची एक सोयही आहे. वर्डमध्ये 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'अ‍ॅड-इन्स' इथं जायचं. खाली 'मॅनेज'समोर 'टेम्प्लेट्स' निवडून 'गो' दाबायचं. एक चौकट उघडते. तिच्यात डॉक्युमेंटच्या साच्याचं नाव लिहिलेलं असतं, आणि त्याखाली एक छोटा चौकोन: 'ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स'. या चौकोनात बरोबरची खूण केली, की ते डॉक्युमेंट उघडताना दर वेळी साच्याकडे जाऊन विचारतं, "माझ्याकडे 'नोंद' आहे, तुझ्याकडची 'नोंद' सध्या कशी आहे?" आणि साच्यातली असेल तशी ती स्वतःत उतरवून घेतं. नाव तेच हवं, हे महत्त्वाचं. साच्यात 'नोंद' आणि डॉक्युमेंटमध्ये 'नोंदी' असेल, तर दोघांची ओळखच पटत नाही.

मी चौतीस पत्रकं एकेक करून उघडली आणि एकेकात ही खूण केली. (ही खूण डॉक्युमेंटगणिक वेगळी करावी लागते.) आणि काय सांगू! अकराचे सोळा होताना पाहून मला लहान मुलीसारख्या टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

तीन पत्रकांत मात्र काही ओळी जिद्दीनं बारीकच राहिल्या. डोकं खाजवल्यावर आठवलं, की तिथं जागा पुरत नव्हती म्हणून मी त्या ओळी निवडून हातानंच नऊच्या केल्या होत्या. स्टाईल म्हणजे वर्गाचा गणवेश. पण एखाद्यानं गणवेशावर स्वेटर चढवला असेल, तर आतला सदरा बदलून बाहेरून काय दिसणार? हातानं केलेला बदल हा असा स्वेटर. तो आधी उतरवावा लागतो.

एवढ्यात आमचे मुख्याध्यापक सर म्हणाले, "बाई, वरच्या पट्टीत शाळेच्या नावाखाली शैक्षणिक वर्ष राहिलंय." मी म्हटलं, आता काय, आता मला विद्या सापडली आहे! साचा उघडला, पट्टीत वर्ष लिहिलं, जतन केलं, आणि पत्रक उघडलं. वर्षाचा पत्ता नाही. खूण केलेली होती, तरीही नाही. कारण त्या खुणेचा अधिकार फक्त स्टाईलींपुरता आहे. पट्टीतला मजकूर, समास, कागदाचा आकार या गोष्टी एकदा उतरल्या त्या उतरल्या. साचा कितीही बदला, जुन्या डॉक्युमेंटला त्याची खबरही लागत नाही. तेव्हा चौतीस कागदांवर शैक्षणिक वर्ष मी शेवटी पेनानं लिहायचं ठरवलं. सर्वांत जलद उपाय तोच होता, आणि तो कोणत्याही पुस्तकात दिलेला नाही.

इथंच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सभा शनिवारी, आणि गुरुवारी मला वर्गात लावायला मोठ्या अक्षरांतले सुविचार छापायचे होते. साचा तयारच आहे, वर शाळेचं नावही आहे, म्हणून मी तोच उघडला, 'नोंद'चा आकार सोळाचा अठ्ठावीस केला, जतन केला, आणि सुविचार छापले. सुरेख दिसत होते.

शुक्रवारी संध्याकाळी पत्रकं छापायला बसले. पहिलं पत्रक उघडलं, आणि एका पानाची तीन पानं! अक्षरं हत्तीएवढी. रकाने फुगून एकमेकांत घुसलेले. दुसरं तसंच, तिसरं तसंच. कारण तुमच्या लक्षात आलंच असेल. मी प्रत्येक पत्रकाला सांगून ठेवलं होतं ना, की उघडलास की साच्याकडे जा आणि 'नोंद' विचारून ये! ती बिचारी आज्ञाधारक होती. साच्यात अठ्ठावीस होते, त्यांनी अठ्ठावीस आणले.

घाबरून मी पहिल्या पत्रकातली खूण काढून टाकली. काही झालं नाही. अठ्ठावीस ते अठ्ठावीसच. खूण काढली, म्हणजे यापुढे विचारू नकोस एवढंच. आधी आणलेलं परत करायला ती सांगत नाही. तेव्हा शाळेत मी एकटी होते, शिपाईमामा किल्ल्या वाजवत दारात उभे, आणि बाहेर अंधार पडलेला.

मग डोकं शांत करून उलटा विचार केला. ज्या वाटेनं बिघाड आला, त्याच वाटेनं दुरुस्ती का येऊ नये? साचा उघडला, 'नोंद' पुन्हा सोळा केली, जतन केलं. दुसरं पत्रक उघडलं. सोळा! एक पान! तिसरं, चौथं, सगळी सरळ. पहिल्यात तेवढी खूण पुन्हा करावी लागली. प्रत्येक पत्रक छापून झालं, की त्यातली खूण मी काढत गेले, म्हणजे पुढच्या सत्रात मी साच्याशी कसाही खेळ केला, तरी ही पत्रकं हलायची नाहीत. आणि सुविचारांसाठी साच्याची वेगळी प्रत काढून तिला वेगळं नाव दिलं. हे गुरुवारीच सुचायला हवं होतं!

या खुणेविषयी माझं मत आता असं झालं आहे: काम चालू असेपर्यंत ती हवी, आणि काम पक्कं झालं की ती नको. तुमच्या शाळेचं नियतकालिक तुम्ही पाच-सहा जण मिळून वर्डमध्ये करत असाल, तर लेख गोळा होत असताना खूण ठेवा. मथळ्याचा रंग साच्यात एकदा बदलला, की सगळ्या लेखांत बदलेल. अंक छापून झाला, की खूण काढा.

लिबरऑफिस रायटर नावाचं एक लेखनाचं साधन फुकट मिळतं. त्यात ही गोष्ट मला जास्त शहाणपणाची वाटते. साच्यातल्या स्टाईली बदलल्या असतील, तर त्यावर आधारलेलं डॉक्युमेंट उघडताना रायटर सरळ विचारतं, 'साचा बदलला आहे. नव्या स्टाईली घेऊ, की जुन्याच ठेवू?' गुपचूप काही करत नाही. फक्त एक ध्यानात ठेवायचं, जुन्याच ठेव असं एकदा सांगितलं, की त्या डॉक्युमेंटसाठी ते पुन्हा विचारत नाही. आणि गुगल डॉक्समध्ये तर नातंच नाही. साच्यावरून प्रत निघाली, की ती वेगळी. अगदी पेणची मूर्ती.

मघाशी 'नॉर्मल' साच्याचं नाव आलं. तो सगळ्यांचा सामाईक साचा. तुम्ही कोणताही साचा न निवडता कोरं पान उघडता, तेव्हा ते याच्यातूनच निघतं. त्यामुळे तो बिघडला, तर सगळंच बिघडतं. १९९५ साली याचा फायदा एका विषाणूनं घेतला. 'कन्सेप्ट' त्याचं नाव. त्या काळी वर्डमधले मॅक्रो साध्या डॉक्युमेंटमध्ये राहूच शकत नसत, फक्त साच्यात राहत. मग कन्सेप्टनं काय केलं असेल? विषाणू असलेली फाइल उघडली, की तो आधी नॉर्मलमध्ये शिरायचा. नंतर तुम्ही एखादं डॉक्युमेंट नव्या नावानं जतन करायला गेलात, की ते डॉक्युमेंट म्हणून नव्हे, तर साचा म्हणून जतन करायचा आणि स्वतः त्यात जाऊन बसायचा. दिसायला ते साधं पत्रच! लोक ती पत्रं एकमेकांना द्यायचे, आणि विषाणू गावभर. त्यानं फाइली पुसल्या वगैरे नाहीत, पहिल्यांदा शिरताना एका छोट्या चौकटीत '१' हा आकडा दाखवायचा, एवढंच. पण त्याच्यामागून आलेले पुढचे विषाणू इतके सभ्य नव्हते. २००७ च्या वर्डपासून नेहमीच्या डॉक्युमेंटच्या आणि साच्याच्या फाइलीत मॅक्रो ठेवताच येत नाहीत. मॅक्रो असणाऱ्या फाइलींच्या नावाचं शेपूट वेगळं असतं, शेवटचं अक्षर 'एक्स'ऐवजी 'एम'. नॉर्मल हा 'एम'वालाच. आणि हो, नॉर्मल फारच बिघडला, तर वर्ड बंद करून त्याचं नाव बदलून ठेवायचं. वर्ड पुन्हा सुरू करताच, जागेवर नॉर्मल नाही असं पाहून ते स्वतःच एक नवाकोरा तयार करतं.

डॉक्युमेंटच्या खिशातली ती चिठ्ठी प्रत्यक्ष पाहायची आहे? मोठ्या माणसाला शेजारी बसवून करा. वर्डच्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या फाइलीची प्रत काढा. प्रतच हं, मूळ फाइल नको. प्रतीच्या नावाचं 'डीओसीएक्स' हे शेपूट बदलून 'झिप' करा. संगणक इशारा देईल, हो म्हणा. आता ती फाइल उघडली, की आत चक्क कप्पे दिसतील, कारण वर्डचं डॉक्युमेंट म्हणजे बऱ्याच छोट्या फाइलींचं गाठोडं असतं. त्यातल्या 'डॉकप्रॉप्स' नावाच्या कप्प्यात 'अ‍ॅप' नावाची फाइल आहे. ती नोटपॅडमध्ये उघडून 'टेम्प्लेट' हा शब्द शोधा. त्यापुढे साच्याचं नाव! बहुतेकांना तिथं 'नॉर्मल' सापडेल. 'वर्ड' या कप्प्यात 'स्टाइल्स' नावाची फाइलही आहे. तीच ती, जन्माच्या वेळी उतरवून घेतलेली नक्कल.

आता शनिवारचं सांगायचं राहिलंच की.

पालकसभेला त्या आजी सगळ्यांच्या आधी आल्या. पत्रक हातात घेतलं, हात लांब केला नाही, जवळही आणला नाही. ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या. मला इतकं बरं वाटलं! भाषेच्या रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"बाई, 'गोष्ट सांगताना संकोचतो.' ह्यो? आमचा?"

"हो आजी, वर्गात सांगत नाही तो फारसं."

"आवो, घरी गोष्टी सांगून झोपू देत न्हाई आमाला. कालच्याला म्हशीला सांगत हुता."

मी पत्रकाकडे पाहिलं. ते वाक्य मी त्या मुलाविषयी लिहिलंच नव्हतं. मी 'संको' लिहून एफ-३ दाबलं होतं. दिवसभराच्या शिणवट्यानं, अकरावं की बारावं पत्रक असेल ते. तेच वाक्य आणखी सहा मुलांच्या पत्रकांत होतं. साच्यातलं ऑटोटेक्स्ट आता बदलून उपयोग नव्हता, कारण एकदा डॉक्युमेंटमध्ये उतरलेलं वाक्य हे डॉक्युमेंटचं झालेलं असतं.

आजींच्या हातातल्या पत्रकावर मी ती ओळ पेनानं खोडली आणि शेजारी लिहिलं, 'घरी खूप गोष्टी सांगतो. म्हशीलाही.' आजींनी तेही बोट ठेवून वाचलं. सोमवारी मी त्या मुलाला परिपाठात गोष्ट सांगायला उभं केलं. म्हशीची गोष्ट सांगितली त्यानं, घंटा होईपर्यंत.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी बाकीच्या सहाही फाइली एकेक करून उघडल्या होत्या.